वाटीमागचं बटण : एवढीशी चकती, पन्नास वर्षांचा घोळ

मोजपट्टी

कृत्रिम सांध्यांच्या क्षेत्रात काम करतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच गुडघा पुढे करतो. मी डॉक्टर नाही, हे सांगेपर्यंत एक्स-रे पाकिटातून बाहेर आलेला असतो. मी यंत्र अभियंता. कृत्रिम गुडघ्याचे भाग यंत्रावर लाखो वेळा वाकवून-सरळ करून बघायचे आणि रुग्णाच्या शरीरातून परत काढलेले भाग तपासायचे, हा माझा उद्योग. मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "गुडघा बदलतात तेव्हा वाटीही बदलतात का?" त्यावर तिघांनी तीन उत्तरं दिली : हो, नाही, आणि सर्जन बघून ठरवतो. तिन्ही आपापल्या जागी बरोबर होती, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आधी एक गैरसमज. वाटी कुणी बदलत नाही, ती जागेवरच राहते. तिची सांध्याकडची बाजू करवतीने कापून सपाट करतात आणि त्यावर पॉलिथिलिनची एक चकती हाडाच्या सिमेंटने बसवतात. आमच्यात तिला बटण म्हणतात आणि दिसतंही तसंच, ओव्हरकोटाच्या मोठ्या बटणासारखं. व्यास साधारण २९ ते ३८ मिमी, जाडी ८ ते १० मिमी, पुढून गोल घुमट आणि मागे तीन बुटक्या खुंट्या. मांडीच्या हाडावर धातूचा टोप बसवलेला असतो, त्याच्या पुढच्या बाजूला एक पन्हळ असते. गुडघा वाकतो तसं हे बटण त्या पन्हळीतून खालीवर घसरतं. बस, एवढंच काम.

एवढंच, पण भार बघा. सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्मा दाब येतो. जिना चढता-उतरताना तिपटीच्या वर जातो. उकिडवं बसताना सात-आठ पट. आणि हा सगळा दाब त्या घुमटाच्या ज्या जागेवर टेकतो ती जागा बोटाच्या नखाएवढीसुद्धा नसते.

मग वाटी काढूनच टाकली तर? हा विचार माणसांनी केलेला आहे. १९३७ साली ब्रुक नावाच्या इंग्रज सर्जनने मांडलं की वाटी हा उत्क्रांतीतला उरलासुरला अवशेष आहे, ती काढली तर पाय उलट चांगला चालतो. पुढे कित्येक वर्षं लोकांच्या वाट्या काढल्या गेल्या. १९७१ मध्ये कॉफर या संशोधकाने मोजमापं करून दाखवलं की वाटी मांडीच्या स्नायूचा कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) हाडापासून लांब धरते, त्यामुळे स्नायूला तरफ मिळते. दाराची कडी बिजागरीपासून लांब लावतात ना, तेच. बिजागरीजवळ ढकलून दार उघडून बघा, वाटी नसलेल्या गुडघ्याचं दुःख कळेल.

आता मूळ मुद्दा. परवा माझ्या टेबलावर एक परत काढलेलं बटण आलं. रंग जुन्या दातासारखा पिवळट. मागे सिमेंटचे खडबडीत तुकडे चिकटलेले, तीनपैकी एक खुंटी मुळातून कातरलेली. पुढून बघितलं तर घुमट गायब. बाहेरच्या अंगाला एक गुळगुळीत, चकचकीत घळ पडलेली, अंगठा ठेवला तर बरोबर बसेल अशी. बसवलेला घुमट, निघालं खोगीर.

ज्यांनी अशी बटणं पाहिली नाहीत त्यांना वाटेल हे भयंकर आहे. निम्मं भयंकर आहे, निम्मं नाही. कसं, ते प्रतिसादांत बोलू.

रिकामा मोळा

आधी वाचनखूण साठवली, आता वाचतो.

शंकासुर

गुडघ्यात प्लॅस्टिक?! माणूस सात पट वजन टाकणार आणि तुम्ही तिथे बादलीचं प्लॅस्टिक लावणार. धातूवर धातू का नाही? किंवा निदान प्लॅस्टिकच्या मागे धातूचा पत्रा तरी? नडगीवर तसंच करतात ना, धातूची थाळी आणि वर प्लॅस्टिक?

मोजपट्टी

शंकासुर, तुम्ही आत्ता जे विचारलंत तेच १९८०च्या दशकात जगातल्या हुशार अभियंत्यांनी विचारलं आणि करून बघितलं. त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

बादलीचं प्लॅस्टिक नव्हे हं. रेणूंच्या फार लांब साखळ्या असलेलं पॉलिथिलिन आहे, कापायला गेलं तर सुरी थकते. पण ते मऊ आहे हे खरं. साधारण २० मेगापास्कलच्या (हे दाबाचं माप) आसपास ते कायमचं दबायला लागतं आणि घुमटाच्या टेकण्याच्या जागेवरचा दाब बऱ्याचदा त्याच्या वर जातो.

तर पत्र्याची गोष्ट. नडगीवर धातूची थाळी घातल्यावर खालच्या हाडावर भार सारखा पसरला, निकाल सुधारले. लोक म्हणाले, वाटीलाही तेच करू. वर आणखी एक आमिष होतं : धातूचा पृष्ठभाग सच्छिद्र केला की हाड त्यात वाढतं, सिमेंट लागत नाही. कागदावर झकास. पण वाटी म्हणजे नडगी नव्हे, तिथे जाडीचं बजेट ठरलेलं. एकूण जाडी ८-१० मिमीच्या वर नेता येत नाही, त्यातले दोन-तीन मिमी धातूने खाल्ले. म्हणजे प्लॅस्टिक पातळ झालं, आणि सर्वांत पातळ कुठे झालं? कडेला. आणि वाटी भार कुठे टाकते? बाहेरच्या कडेला, कारण मांडीचा स्नायू तिला सतत बाहेरच ओढत असतो.

१९८७-८८च्या सुमारास एकामागून एक निबंध आले. प्लॅस्टिक कडेने झिजून आरपार, किंवा पत्र्यापासून सुटून बाजूला, आणि मग उघडा पत्रा धातूच्या पन्हळीवर घासतोय. शस्त्रक्रिया करणारे सांगतात की सांधा उघडल्यावर आतलं अस्तर काळंकुट्ट, शाई सांडल्यासारखं. धातूची भुकटी. टोपालाही चरे पडलेले, म्हणजे एका बटणापायी अख्खा गुडघा बदलायचा.

आणि नुसता धातू? १९५५ मध्ये मॅकीव्हर या सर्जनने वाटीवर स्क्रूने बसवायचं, व्हिटॅलियम या मिश्रधातूचं कवच काढलं होतं. तेव्हा समोर धातूचा टोप नव्हता, रुग्णाची स्वतःची कुर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं मऊ आवरण, होती. कडक कवच मऊ कुर्चेवर घासत राहिलं. कोण हरलं असेल ते सांगायला नको.

उंटावरचा

थोडक्यात, दोघांच्या भांडणात एकाने मऊ असलं पाहिजे. संसाराचं सूत्र फुकटात मिळालं.

गणितात नापास

माझा मूलभूत प्रश्न. खरी वाटी काही घुमटासारखी नसते. तिच्या मागे मधोमध एक धार असते आणि दोन्ही बाजूंना उतार, घराच्या छपरासारखं. मग बटण तसंच का बनवत नाहीत? छप्पर पन्हळीत नीट बसेल, जास्त जागा टेकेल, दाब कमी. गोल घुमट पन्हळीत टेकणार म्हणजे गोटी नळीत ठेवल्यासारखी.

मोजपट्टी

नापास कसले, उत्तम प्रश्न. बनवतात ना. शरीराच्या आकाराची बटणं, खोगिरासारखी बटणं, कडेला टोपीच्या पंखासारखा उलटा बाक असलेली बटणं, सगळं बाजारात आलं आणि आहे. संगणकावर दाब काढला तर छपराचा आकार घुमटाला सहज हरवतो. आमच्या यंत्रावरसुद्धा हरवतो. कारण यंत्रावर मी ते स्वतः सरळ बसवलेलं असतं!

गोची अशी : छप्पर पन्हळीच्या रेषेत बसलं तरच त्याचा फायदा. ते पाच अंश फिरलं की टेकण्याची जागा मोठी राहत नाही, उलट कडेवर येते, आणि कडेवरचा दाब घुमटापेक्षाही वाईट. घुमट कसाही फिरवा, तो घुमटच. गोटी वाकडी ठेवून दाखवा. सर्जनला कंडराखाली उलटलेल्या, रक्ताने बुळबुळीत, जेमतेम लिंबाएवढ्या हाडावर हे बटण बसवायचं असतं. बाकीच्या गुडघ्याला कापायच्या दिशा दाखवणारे साचे आहेत, सळया आहेत, आता रोबोटही आहेत. वाटी कित्येक ठिकाणी अजून डोळ्याने आणि हाताने कापली जाते.

१९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत इन्सॉल आणि मंडळींनी टोटल कॉन्डिलर नावाचा कृत्रिम गुडघा आणला. त्याच्या आधीच्या बऱ्याच गुडघ्यांत वाटीचा विचारच नव्हता. त्यात साधा घुमट होता, मधोमध एक खुंटी. आजही जगात सर्वांत जास्त बसवलं जाणारं बटण त्याच्याच घराण्यातलं आहे. मला विचाराल तर कारण एकच : ते चुका पोटात घालतं.

आणि आता माझ्या टेबलावरचं खोगीर आठवा. घुमट दबला, थोडा झिजला आणि त्या माणसाच्या, त्याच पन्हळीच्या मापाचा झाला. म्हणजे छपराचा आकार अखेर मिळालाच, फक्त तो कारखान्याऐवजी गुडघ्याने बनवला आणि हव्या त्या दिशेने बनवला. हे झालं निम्मं चांगलं.

अस्थिपंजर

धागा छान. मी सर्जन आहे, करवत माझ्या हातात असते, त्यामुळे 'बुळबुळीत लिंबू' जरा लागलं. पण खरं आहे.

एक खुलासा आणि एक भर. खुलासा : टोटल कॉन्डिलरची एक खुंटी आणि आताच्या तीन खुंट्या यांत फरक नुसता पकडीचा नाही. मधली जाड खुंटी घालायची तर वाटीच्या मधोमध मोठं भोक पाडावं लागतं. हाड तिथेच कमजोर होतं, रक्तपुरवठ्यालाही धक्का बसतो, आणि मग वाटी तडकते. तीन छोट्या खुंट्या परिघाकडे ठेवल्या की हे भोक वाचतं, शिवाय बटण फिरत नाही. म्हणून घुमट राहिला तरी एक खुंटी मागे पडली.

भर : जाडी. लोक आकारावर तावातावाने बोलतात, मला झोप उडवते ती जाडी. कापण्याआधी मी वाटी कॅलिपरमध्ये धरतो. समजा २३ मिमी भरली. बटण ८ मिमीचं असेल तर हाड १५ ठेवायचं, बेरीज पुन्हा २३. बेरीज २५ झाली तर पुढचा सांधा ठासून भरल्यासारखा होतो, वाकणं कमी होतं. बेंग्स आणि स्कॉट यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच जाड-पातळ बटणं लावून मोजलं होतं : दर २ मिमीला साधारण ३ अंश वाक जातो. उलट जास्त कापलं आणि हाड १२ मिमीच्या खाली गेलं तर तडकण्याची भीती.

आता लहान चणीच्या बाई येतात, मूळ वाटीच १९ मिमी. १२ ठेवले तर बटणाला उरले सात. आठच्या खाली बटण सहसा मिळत नाही. सांगा, कुठून आणू एक मिमी?

मोजपट्टी

@अस्थिपंजर, तो एक मिमी आम्हीही शोधतोय. पातळ केलं तर खुंट्यांच्या मुळाशी प्लॅस्टिक तुटतं. साखळ्या एकमेकींना घट्ट जोडलेलं नवं पॉलिथिलिन झिजायला कमी आहे, पण ठिसूळपणाकडे जरा झुकतं, म्हणजे पातळ चकती आणि बारीक खुंटी या दोन्हीला ते थेट उपाय नाही. खोबण करून बटण हाडाच्या आत बसवायची पद्धत आहे, कडेचं हाड राखून. त्यात थोडी जाडी वाचते, पण मग कडेचं हाड पन्हळीवर घासणार नाही ना हे बघत बसा.

पायरी पायरी

फिजिओ आहे. तुमच्या या मिलिमीटरांचा हिशेब माझ्या खोलीत होतो. रुग्ण सपाटीवर मजेत चालतो, 'मॅडम, नवा गुडघा एकदम फर्स्ट क्लास'. पायरी उतरायला लावली की कठड्याला धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडतात. बरेचदा मांडीचा स्नायूच वाळलेला असतो, तो कमावला की प्रश्न सुटतो. पण काहींच्या बाबतीत महिना-महिना व्यायाम करूनही वाटीच्या पुढेच दुखत राहतं. तेव्हा मला कळत नाही की माझं चुकतंय की आत काही चुकलंय.

सांजवात

आईचा अनुभव लिहिते. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला. सगळं उत्तम. आठ-नऊ महिन्यांनी खुर्चीतून उठताना 'खट्' असा आवाज यायला लागला. आवाज म्हणजे मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतका. आईचा पाय सरळ होता होता मध्येच अडकायचा आणि मग झटक्याने सुटायचा. वाटीवर हात ठेवला की तिची उडी हाताला कळायची. जिथे शस्त्रक्रिया केली तिथे दोनदा गेलो, दोन्ही वेळा 'एक्स-रे चांगला आहे, वयाप्रमाणे होतं' हे ऐकून परत आलो. नवा सांधा आणि वयाप्रमाणे?? तिसऱ्या ठिकाणी एका डॉक्टरांनी हात ठेवून एकदा उठ-बस करायला लावली आणि लगेच नाव सांगितलं. दुर्बिणीतून एक गाठ काढली, वाटाण्यापेक्षा जरा मोठी. तेव्हापासून आवाज बंद. ही गाठ बटणामुळे झाली का?

अस्थिपंजर

सांजवात ताई, तुम्ही वर्णनच इतकं नेमकं केलंय की परीक्षेत लिहिलं असतं तर पूर्ण मार्क. वाटीच्या वरच्या टोकाशी, जिथे कंडरा चिकटतो तिथे, तंतुमय गाठ वाढते. काही गुडघ्यांत मागचा अस्थिबंध काढून त्याच्या जागी प्लॅस्टिकचा खांब आणि टोपात त्यासाठी एक चौकोनी खिडकी असते. पाय वाकलेला असताना ती गाठ खिडकीत उतरते. उठताना, साधारण ३० ते ४५ अंशांवर, खिडकीच्या कडेला अडकते आणि 'खट्' करून सुटते. एक्स-रेत गाठ दिसत नाही, म्हणून 'चांगला आहे'. हात ठेवणं हाच तपास.

बटणाचा वाटा असू शकतो, ते वरच्या टोकाबाहेर लोंबत असेल तर. पण मोठा वाटा टोपाचा. जुन्या काही नमुन्यांत पन्हळ आखूड होती आणि खिडकी फार वर, पुढे सुरू व्हायची. पुढे पन्हळ लांबवली, खिडकीच्या कडा गोलावल्या, खिडकी खाली-मागे सरकवली, आणि ही तक्रार बरीच कमी झाली. बटणाला हातही न लावता.

मोजपट्टी

हेच, हेच मला सांगायचं होतं आणि डॉक्टरांनी आधी सांगून टाकलं. बटणाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासातल्या निम्म्या सुधारणा समोरच्या धातूत झाल्या आहेत.

पहिल्या टोपांत पन्हळ उथळ, आखूड आणि सरळ उभी असायची, डावा-उजवा फरक नसायचा. खरी पन्हळ जरा तिरकी असते, बाहेरची भिंत उंच असते, कारण वाटी बाहेर पळायला बघते. मग डावे-उजवे टोप वेगळे झाले, पन्हळ तिरकी झाली, खोल झाली, खालपर्यंत नेली, बाहेरची भिंत उचलली. घुमट तोच! पण वाटी निसटण्याच्या तक्रारी उतरल्या.

घुमटातही एक छोटी हुशारी झाली, तीही सांगतो. खऱ्या वाटीची धार बरोबर मध्ये नसते, आतल्या बाजूला झुकलेली असते. म्हणून गोल बटण आतल्या बाजूला सरकवून बसवतात. पण मग बाहेरचं हाड उघडं पडतं. त्यावर लंबगोल चकती काढली, जिचा उंचवटा मध्यावर नसून एका बाजूला आहे. हाडही झाकलं जातं, धारही आत राहते. फक्त सहायकाने ती उलटी हातात दिली तर उंचवटा बाहेर जातो, म्हणून चकतीवर खूण असते.

शंकासुर

म्हणजे बटण उत्तम, पन्हळ उत्तम, तरी वाटी सरकते ती का?

अस्थिपंजर

कारण पन्हळ बसवणारे आम्ही.

टोप मांडीच्या हाडावर बसवताना तो किंचित बाहेर फिरवायचा असतो, त्या हाडाच्या टोकाला मागे जे दोन गोल असतात त्यांच्या रेषेपासून सुमारे ३ अंश. तो आत फिरला की पन्हळच आत सरकते, आणि स्नायू मात्र वाटीला जुन्याच दिशेने ओढतो. नडगीचा भाग आत फिरला तर कंडरा खाली नडगीच्या ज्या उंचवट्याला चिकटतो तो बाहेर जातो, परिणाम तोच. बर्गर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वाटीचा त्रास असलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन मोजले. दोन्ही भागांची आतली फिरकी मिळून १ ते ४ अंश असेल तर वाटी नुसती कलते, ३ ते ८ असेल तर सरकते, ७ ते १७ असेल तर निखळते किंवा बटण निकामी होतं. चार अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो.

दुसरा चाकू

मीही सर्जन. इतका वेळ गप्प होतो, पण मुख्य वाद कुणी काढतच नाहीये. बटण बसवायचंच कशाला? माझं उत्तर : सगळ्यांना बसवा. न बसवता सोडलेली वाटी दुखायला लागली की रुग्ण परत येतो, आणि तेव्हा बटण बसवून सगळ्यांचं दुखणं थांबतंच असं नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेने २०२० मध्ये पहिल्यांदाच गुडघा बदलणाऱ्या सगळ्यांना बटण द्यावं असं म्हटलं आहे. अमेरिकेत बहुसंख्यांना बसवतातच.

अस्थिपंजर

आणि स्वीडनमध्ये जवळपास कुणालाच बसवत नाहीत. तिथले लोक लंगडत फिरतात असं ऐकिवात नाही.

ब्रिटनचीच मोठी चाचणी घ्या. सतराशेंहून अधिक रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट, दहा वर्षं पाठपुरावा. चालण्या-फिरण्यात, दुखण्यात दोन गटांत म्हणावा असा फरक नाही. पुन्हा शस्त्रक्रिया न बसवलेल्यांत जास्त होतात, मान्य. पण त्यात एक मेख आहे. बटण नसलेला रुग्ण 'पुढे दुखतं' म्हणाला की आपल्याला करण्यासारखं काहीतरी असतं : बटण बसवू. बटण असलेला तेच म्हणाला तर आपण त्याला फिजिओकडे पाठवतो. शस्त्रक्रिया मोजल्या तर बटणवाला सुखी दिसतो. दुखणं मोजलं तर दोघं सारखे.

मी वाटी बघून ठरवतो. कुर्चा घासून हाड उघडं असेल, आमवाताचा (रूमॅटॉइड) आजार असेल तर बसवतो. १९ मिमीच्या वाटीला हात लावत नाही.

पायरी पायरी

'फिजिओकडे पाठवतो' हे वाचून कठड्याला धरून बसले आहे.

दुसरा चाकू

हा हा. पण अस्थिपंजर, तुमच्या त्या 'बघून ठरवण्या'त दोन सर्जन एकाच वाटीबद्दल दोन गोष्टी ठरवतात ही अडचण आहेच. आणि समोर कोणता टोप आहे यावरही अवलंबून असतं. काही टोपांची पन्हळ नैसर्गिक वाटीला सांभाळून घेते, काहींची पन्हळ घुमटासाठीच खोदलेली असते. त्यात खरी वाटी सोडली तर ती कडेवर चालते.

अस्थिपंजर

या एका वाक्याला मात्र बिनशर्त अनुमोदन.

गणितात नापास

हल्ली बिनसिमेंटची, मागे जाळीदार धातू असलेली बटणं पुन्हा आली आहेत असं वाचलं. ऐंशीचं दशक विसरले का लोक?

मोजपट्टी

विसरले नाहीत, घाबरत घाबरत आले आहेत. या वेळी जाळी थरावर थर छापून बनवतात, प्लॅस्टिक त्या जाळीतच दाबून साच्यात घडवतात म्हणजे सुटायला जागा नाही, आणि कडेलाही प्लॅस्टिकची जाडी राखतात. पॉलिथिलिनही वेगळं आहे. पूर्वी हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे, त्यामुळे ते कपाटात पडल्या पडल्या ऑक्सिजनने ठिसूळ व्हायचं. त्या काळच्या सगळ्या अपयशाचं खापर पत्र्यावर फोडणं थोडं अन्यायाचं आहे.

आणि त्याच काळात पत्रा असूनही टिकलेलं एक बटण होतं, ब्यूकेल आणि पापास या जोडीचं. त्यात प्लॅस्टिक पत्र्यावर फिरू शकायचं. छपराचा आकार, पण स्वतःच वळून पन्हळीच्या रेषेत येणारा. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी ७०च्या दशकाच्या शेवटीच काढलं होतं. माझं ते आवडतं बटण आहे. पण भाग वाढले, आणि फिरणारं बटण काही वर्षांनी तंतूंनी जखडून फिरेनासं होऊ शकतं. माझ्यासारख्याला सुंदर वाटणारी गोष्ट आणि रुग्णाला लागणारी गोष्ट एकच असेल असं नाही.

सांजवात

धन्यवाद डॉक्टर. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, खिडकी होती हे आधी सांगितलं असतं तर गाठीला दोष दिला नसता.

मोजपट्टी, सुरुवातीला तुम्ही म्हणाला होतात निम्मं भयंकर. ते राहिलं.

मोजपट्टी

राहिलं खरं. घुमट दबून पन्हळीच्या मापाचा होणं चांगलं, पण ते मधोमध व्हायला हवं होतं. या बटणावर घळ पार बाहेरच्या कडेला आहे आणि कातरलेली खुंटीही त्याच बाजूची. म्हणजे वाटी सरळ घसरत नव्हती, वर्षानुवर्षं बाहेरच्या भिंतीला खेटून चालत होती. पाठवणाऱ्यांनी फॉर्मवर लिहिलंय : 'बटणाचा दोष तपासावा.' मी मापं घेतली, कडेचा काप काढून प्लॅस्टिक किती जुनाट झालंय ते बघितलं, खुंटीचा भंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. माल ठीक आहे.

अस्थिपंजर

टोप बदलला का?

मोजपट्टी

नाही. फॉर्मप्रमाणे फक्त बटण बदललं. तसंच, त्याच मापाचं.

अस्थिपंजर

मग खुंटी मोडलेलं दुसरं बटण काही वर्षांनी तुमच्याच टेबलावर येणार. सीटी मागवा.

मोजपट्टी

आज अहवाल पाठवला. निष्कर्षात दोनच ओळी : बटणात दोष आढळला नाही. टोपाची व नडगीच्या भागाची फिरकी मोजलेला सीटी स्कॅन असल्यास पाठवावा.